समुद्राकडचं चाक

डॉक्टर मृणाल केळुसकर, दातांच्या,
कोल्हापूरहून घेतलेली जुनी दोन सीटची गाडी
माझ्या बसणीच्या शेडपुढे लावतात.
इतकी बुटकी, की शेजारच्यांची शेळी
उभ्या उभ्या टपावरून पलीकडचं बघते.

"हनीफभाई, चाकांत काहीतरी वाजतं."
काय वाजतं?
"सगळंच."

मी शेजारी बसलो. बसलो म्हणजे
विहिरीत उतरावं तसा उतरलो.
आरे-वारेची चढण लागली आणि सुरू झालं.
आधी बारीक, तांदूळ पाखडल्यागत: ती वाळू,
वाऱ्याने डांबरावर आणून टाकलेली.
मग टण्. म्हणजे सकाळी इथून चिऱ्याचा ट्रक गेला.
मग एकदम मागच्या चाकाखाली
काजूच्या बिया भट्टीत फुटाव्यात तशी खडी,
रुंदीकरणवाल्यांनी तशीच सोडून दिलेली.
वळणावर काहीतरी हलकं, पोकळ
कमानीत गडगडत फिरलं.
"हे काय?" त्या दचकल्या.
सुरूचं बोंड, म्हटलं. निघेल आपोआप.

मला मजा येत होती, हे सांगितलं नाही.
रस्ता असा मोठ्याने वाचून दाखवणारी गाडी
बावीस वर्षांत माझ्याकडे आली नव्हती.
साध्या गाडीत कंपनी कमानीला नमदा लावते, रबर फासते;
हिच्यात वजन वाचवायला
नखाएवढ्या जाडीचं प्लास्टिक,
आणि त्याच्या अलीकडे तुम्ही.

त्या म्हणाल्या, "दिवसभर कानाशी ड्रिल.
संध्याकाळी तरी गप्प गाडी हवी."

चारही चाकं काढली. रिझवानने फवारा मारला.
कडांना साचलेलं ट्रेमध्ये पडत गेलं:
वर लाल, जांभ्याचा चुरा;
खाली काळी कच, घाटावरची, आधीच्या मालकाची.
जाळ्याचा एक शिशाचा मणी.
तिसऱ्याचं अर्धं टरफल.
उसाचं चिपाड, वाळून बोटासारखं झालेलं.
फेकू? रिझवानने विचारलं.
थांब, म्हटलं. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

काळ्या लेपाचे दोन हात दिले. नमदा कापून चिकटवला.
बिल सहा हजार चारशे.
वरचे चारशे त्यांनी सुटे मोजून दिले.

एकोणीस दिवसांनी गाडी पुन्हा दारात.
मांजरासारखी आली, कळलंसुद्धा नाही.
"खूप छान झालंय," त्या म्हणाल्या, त्याच आवाजात
ज्या आवाजात त्यांनी मला एकदा
दाढ काढावी लागेल म्हणून सांगितलं होतं.
"फक्त..."

फक्त आता रस्ता गप्प झाला
आणि ड्रिल ऐकू यायला लागलं.
कुणाच्या तरी खालच्या डाव्या दाढेत,
रत्नागिरी सुटल्यापासून थेट भंडारपुळ्यापर्यंत.
आधी खडी त्याच्या उरावर बसायची.

"एका चाकाचं काढून देता येईल?"

देईन की. कुठल्या?

"समुद्राकडच्या."

मी फडकं खांद्यावर टाकलं.
डॉक्टर, जाताना समुद्र डावीकडे.
येताना उजवीकडे.

त्या काचेतून समोर बघत राहिल्या.
समोर काही नव्हतं, माझं पंक्चरचं पाण्याचं टब,
त्यात तोंड घालणारी शेळी.

"जातानाच्या," म्हणाल्या. "येताना माणूस
तसाही काही ऐकत नाही."

रिझवानने डावीकडे जॅक लावला.
लेप द्यायला एक दुपार पुरली होती,
खरवडायला दोन दिवस गेले, माझी नखं काळी झाली.
मधे एकदा बोटाने ठोकून बघितलं.
टण्.
पैसे घेतले नाहीत.
घेतले असते, पण बिलावर
काय काम केलं म्हणून लिहायचं, ते सुचेना.